अपुऱ्या दिवसांची माणसं

बाई, तुम्ही गेलात त्याला बारा वर्षं झाली. या बारा वर्षांत मनातल्या मनात तुमच्याशी पुष्कळ बोलले, भांडलेही, पण कागदावर कधी काही लिहिलं नव्हतं. आज दुपारी ड्युटी आटपून घरी आले, आंघोळ केली, चहा घेतला आणि मागच्या पडवीत येऊन बसले. समोर काजूच्या बिया वाळत पडल्यात. सासूबाई त्या राखत बसल्या आहेत आणि मी काय लिहितेय ते त्यांनी दोनदा विचारलं. मी म्हटलं, ऑफिसचं काम. तुम्हाला लिहितेय असं सांगितलं असतं तर त्यांनी आधी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला असता.

सगळं हॉस्पिटल तुम्हाला सिस्टर म्हणायचं. मी एकटीच बाई म्हणायचे, आमच्या कट्टा गावातल्या शाळेत मास्तरीणबाईंना म्हणायचे तशी. तोंडातून पहिल्याच दिवशी ते निघून गेलं आणि तुम्हीही सुधारलं नाहीत. मी तेव्हा बाळंतपणाच्या वॉर्डातून नुकतीच तुमच्याकडे आले होते. नवजात बाळांचा वेगळा कक्ष सुरू होऊन काही महिनेच झाले होते. ऊब देणारे चार वॉर्मर, भिंतीशी ऑक्सिजनचे सिलेंडर, एक लोखंडी टेबल आणि बाहेरच्या बाजूला मोठी काच, जिच्यापलीकडे आया, आज्या, मावश्या उभ्या असायच्या. तुम्ही मालवणच्या. आई बंदरावर मासे विकायची हे तुम्ही कुणी न विचारताच सांगायचात. मुंबईच्या हॉस्पिटलात कितीतरी वर्षं काढून तुम्ही परत आला होतात. डॉक्टरांशी बोलताना तुमची मराठी पुस्तकातल्यासारखी असायची आणि काचेबाहेरच्या बायांकडे वळलात की थेट बंदरावरची. बाळांशीही तुम्ही मालवणीतच बोलायचात. सुई टोचण्याआधी प्रत्येकाला सांगायचात, "वायच दुखतला हां, माका माफ कर." आम्ही आपसात हसायचो. दोन दिवसांच्या बाळाला काय कळतंय!

ती आंबोलीकडची मुलगी आली तो दिवस मला अजून जसाच्या तसा दिसतो. सकाळचे दहा-अकरा वाजलेत. ॲम्ब्युलन्स घाट उतरून आली आहे, तिच्या काचांवर अजून धुकं आहे. बाळाची आई स्ट्रेचरवर, आणि बाळ तिच्या जावेच्या ओच्यात, लोकरीच्या टोपीत आणि टॉवेलात गुंडाळलेलं. सत्तावीस आठवडे. वजन साडेआठशे ग्रॅम. कातडी अशी की कोवळं शहाळं फोडल्यावर आत जी पातळ मलई दिसते ना, तशी. खालच्या शिरा मोजून घ्याव्यात. डॉक्टर म्हणाले, गोव्याला न्यावं लागेल. वडील शेतकरी माणूस, हात जोडून म्हणाले, "डॉक्टर, घाटात दोनदा श्वास थांबला. आता आणखी तीन तास गाडीत घातली तर वाटेतच जाईल. हंयच काय ता करा." डॉक्टरांनी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही वॉर्मरचं बटण लावलंत.

आमच्यात तेव्हा अशा बाळांबद्दल काय काय बोललं जायचं ते तुम्हाला माहीत होतं. एक सहकारी म्हणायची, देवाच्या मनात असेल तसं होईल, आपण नळ्या घालून त्याच्या कामात हात कशाला घालायचा. दुसरी एक कधीच काही बोलायची नाही, पण असं बाळ आलं की तिला हटकून दुसरीकडे काम निघायचं. तिचं स्वतःचं सातव्या महिन्यात गेलं होतं, हे मला फार उशिरा कळलं. तुम्हाला ते आधीच माहीत असावं, कारण तुम्ही न विचारता, न बोलता तिची पाळी बदलायचात. माझं मत सरळ होतं. एवढ्याशा जिवाला टोचण्यात मला क्रूरपणा वाटायचा. ते जगणार नाही, आणि जगलं तरी कसं जगेल, असा माझा प्रश्न होता, आणि उत्तर मला ठाऊक आहे असं मी धरून चालले होते. तिसऱ्या दिवशी चहाच्या खोलीत मी कुणालातरी म्हटलं, "त्या साडेआठशेवाल्याचा काय खरा नाय. ता काय वाचाचा नाय. उगीच हाल करतत तेचे." मागे तुम्ही दारात होतात.

"साडेआठशेवाला कोण गो?" तुम्ही विचारलंत. "सुंगटां जोखून हाडलंस काय बाजारातना? चेडू आसा ता. आवशीचा नाव लाव."

कोळंबीचं नाव ऐकून सगळ्या हसल्या, मुलीला आईच्या नावाने ओळखायचं हे बाजूलाच राहिलं, आणि माझे कान लाल झाले. मला वाटलं, झालं एवढंच. पण तुम्ही मला बाहेर बोलावलंत. "वाचाचा नाय ह्या तुका कोणी सांगला?"

"दिसतांच मा, बाई."

"काय दिसता? सांग माका."

मला सांगता येईना. वजन सांगितलं, आठवडे सांगितले. तुम्ही म्हणालात, ह्या तर कागदावर आसा. मग मला पुन्हा कोपरापर्यंत हात धुवायला लावलेत, वॉर्मरशेजारी स्टूल ठेवलंत आणि हातात वही दिलीत. "बस थंय. एक तास. हात लावू नको. ता काय काय करता ता लिही."

बाई, मी रागाने बसले होते. पहिली दहा मिनिटं वहीत काही नव्हतं. श्वास चालू. श्वास चालू. मग मी लिहिलं, डावा पाय ताणला. मग, तोंड उघडलं आणि मिटलं. पलीकडच्या टेबलावर कुणीतरी स्टीलचा ट्रे आपटला आणि त्या मुलीच्या कपाळाला बारीकशी आठी पडली, दोन्ही हात पसरले, आणि यंत्रावरचा आकडा खाली गेला. मी ते लिहिलं. पायाने उघडायच्या कचऱ्याच्या डब्याचं झाकण पडलं तेव्हा पुन्हा तसंच. खिडकीतून ऊन सरकत तिच्या तोंडावर आलं तेव्हा तिने डोळे घट्ट मिटून मान वळवायचा प्रयत्न केला. एकदा तिचा हात सरकत सरकत गालापर्यंत आला, तिथे थांबला, आणि तेवढा वेळ तिचा श्वास एकसारखा चालला. तासाभराने माझी दोन पानं भरली होती. तुम्ही चष्मा लावून ती वाचलीत, एकेक ओळ, परीक्षेचा पेपर तपासावा तशी. "आठी कित्या पडली?" विचारलंत. मी म्हटलं, ट्रेचा आवाज. तुम्ही मान हलवलीत. "आता तुका काय वाटाचा ता वाटांदे. पण बघून वाटांदे."

दुसऱ्या दिवशी तुम्ही घरून तुमच्या आईचं एक जुनं सुती लुगडं घेऊन आलात. धुऊन धुऊन ते इतकं मऊ झालं होतं की हातात धरलं तरी कळत नव्हतं. त्याचे तुकडे करून ट्रेखाली घातलेत, कचऱ्याच्या डब्याच्या झाकणाला बांधलेत, खिडकीला पडदा केलात. उरलेल्याच्या गुंडाळ्या करून त्या मुलीभोवती गोल घरटं केलंत, म्हणजे हातपाय पसरले तरी कशाला तरी टेकतील. डॉक्टर म्हणाले, सिस्टर, हे काय? तुम्ही म्हणालात, "आईच्या पोटात तिला भिंत होती, डॉक्टर. इथे नाही." चिकटपट्टी काढताना आम्ही ती ओढायचो. तुम्ही खोबरेल लावून दहा-दहा मिनिटं थांबायचात, कारण पट्टीबरोबर कातडीही यायची. माझ्या हातून एकदा आली. शेंगदाण्याएवढी. मी रडले नाही, पण त्यानंतर मी एकही पट्टी घाईने काढलेली नाही, आजपर्यंत.

आणि तिची आई. आठवतं? सहा दिवस ती काचेबाहेर नुसती उभी होती. सासू म्हणायची, जीव लावू नको, जायचं ते जातं. सातव्या दिवशी तुम्ही दार उघडून म्हणालात, "गो बाय, हंय ये. भियाव नको. तुझाच आसा ता." ती म्हणाली, "माझ्या हातान काय झाला तर?" तुम्ही हसलात. "तुझ्या पोटात होता तेव्हा पोटाक हात लावूक भियालंस काय?" तिला खुर्चीत बसवलंत, ब्लाऊजची बटणं सोडायला सांगितलीत आणि ती मुलगी नळीसकट तिच्या छातीवर ठेवलीत. आम्ही सगळ्या यंत्राकडे बघत होतो. तुम्ही त्या आईच्या तोंडाकडे बघत होतात. ती हळूच म्हणाली, "गरम आसा." एवढंच. मग ती रोज यायला लागली, सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास, आणि अडीच महिन्यांनी त्या मुलीला घेऊन आंबोलीच्या एसटीत बसून गेली. घेऊन जाताना तिने नावही सांगितलं. ते इथे लिहीत नाही, पण त्यात तुमच्या नावातलं पहिलं अक्षर होतं.

त्यानंतर मी बदलले. जरा जास्तच बदलले. नवीन मुलींना मी तुमचाच पाठ द्यायला लागले. आमच्या कक्षात कुठल्याही बाळाला मी सोडून देणार नाही अशी माझी भाषा झाली. त्या मुलीचं उदाहरण मी एखाद्या पदकासारखं छातीवर लावून फिरत होते, हे तुम्हाला दिसत असणार. 

मग वर्षाने ते दुसरं बाळ आलं. लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर राहिलेलं, मुलगा, चोवीस आठवड्यांचा. त्याचं वजन मी सांगत नाही, तुम्ही रागवाल. चार दिवस आम्ही त्याच्यामागे होतो. हाताची शीर गेली, मग दुसऱ्या हाताची, मग पायांची, मग डोक्याची. चौथ्या दिवशी दुपारी डॉक्टर पुन्हा शीर शोधत होते. तेही बिचारे तरुण होते, कपाळावर घाम होता, आणि मी त्यांना टॉर्च धरून दाखवत होते, इथे बघा, इथे एक बारीक दिसते आहे. तुम्ही माझ्या मागे येऊन उभ्या राहिलात. बराच वेळ बाळाकडेच बघत होतात. मग तुमच्या त्या पुस्तकी मराठीत म्हणालात, "डॉक्टर, त्याच्या अंगावर आता जागा राहिलेली नाही. सकाळपासून त्याने एकदाही तोंड वाकडं केलेलं नाही, टोचलं तरी नाही. मी आईला बोलावू का?"

डॉक्टर चिडले. म्हणाले, सिस्टर, निर्णय मी घेईन. तुम्ही म्हणालात, "तुम्हीच घ्यायचा आहे. मी फक्त दिसलं ते सांगितलं." आणि तिथेच उभ्या राहिलात. डॉक्टरांनी हातातली सुई खाली ठेवली. त्यांनी मोठ्या डॉक्टरांना फोन केला, मग आईवडिलांना बसवून सगळं सांगितलं. वडील भिंतीला टेकून खाली बसले. आईने एकच विचारलं, "त्याला दुखतंय का?" तुम्ही तिच्याजवळ बसलात आणि म्हणालात, "आता दुखाक देऊचा नाय." खोबरेल लावून एकेक पट्टी काढलीत. त्याला पुसलंत, टोपी घातलीत आणि आईच्या छातीवर ठेवलंत. पडदा ओढलात. तास-सव्वा तास तो तिथे होता. त्या आईने त्याला अख्खं एक अंगाईगीत म्हणून दाखवलं, मध्ये कुठे अडखळली नाही. मग तो गेला.

तुम्ही जेवणाच्या खोलीत डबा उघडून बसलात, भात आणि बांगड्याचं तिखलं, आणि माझ्यापुढे झाकणात वाढलंत. तेव्हा माझा राग बाहेर आला. गेल्या वर्षी मला तुम्ही काय शिकवलंत, आणि आज काय केलंत? त्या मुलीसाठी अडीच महिने, आणि याच्यासाठी चार दिवस? मी ओरडलेच होते. तुम्ही घास हातात धरून माझं सगळं ऐकून घेतलंत.

"तेव्हा ता म्हणी होता, माका रवाचा आसा," तुम्ही त्या आंबोलीच्या मुलीबद्दल म्हणालात. "तुका ऐकाक येय नव्हता, म्हणान तुका बसवलंय. आज ह्या म्हणता, पुरे. माका तसा ऐकाक इला." मग घास खाली ठेवून, "चुकलंय पण आसान. माका काय देव येवन सांगणा नाय."

बाई, तुम्ही असं म्हणाल असं मला वाटलं नव्हतं. मला वाटलं होतं तुम्हाला नक्की माहीत असतं. तुम्ही पाण्याचा घोट घेतलात, डोळे पुसले नाहीत, कारण त्यांत काही नव्हतं, आणि म्हणालात, "जेव. चार वाजता त्या कुडाळच्या बाईच्या झिलाक दूध देऊचा आसा. हात थरथरले तर नळी हलतली." मी जेवले. तिखट लागलं, नाक वाहिलं, आणि चार वाजता माझे हात थरथरले नाहीत. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की तुम्ही ना वाचवणाऱ्यांतल्या होतात ना सोडून देणाऱ्यांतल्या. तुम्ही बघणाऱ्यांतल्या होतात. आम्ही आमची मतं घेऊन वॉर्मरपाशी जायचो, तुम्ही रिकाम्या जायचात. आणि बघून झालं की जे दिसलं ते डॉक्टरांच्या तोंडावर सांगायची तुमची छाती होती. हे शिकायला मला अजून पाच-सहा वर्षं लागली, तोवर तुम्ही निवृत्त होऊन मालवणला गेला होतात, आणि नंतर एका पावसाळ्यात तुमचं हृदय थांबलं. मी अंत्यविधीला आले होते. तिथे खूप बायका होत्या, पुष्कळशा मुलांना घेऊन आलेल्या.

आता कक्षाची इन्चार्ज मी आहे. वॉर्मर बारा झालेत. श्वासाची यंत्रं आहेत, फुप्फुसात द्यायचं औषध आहे, तुम्ही असतात तर प्रत्येक यंत्राला हात लावून बघितलं असतंत. सव्वीस आठवड्यांची बाळं आता आम्ही गोव्याला पाठवतोच असं नाही. पण माझा निम्मा दिवस आता संगणकावर जातो. औषधांचा साठा, पाळ्या, अहवाल, मीटिंगा. वॉर्मरपाशी मी राउंडच्या वेळी उभी राहते, यंत्रावरचे आकडे वाचते आणि पुढे जाते. हे मी तुम्हाला तक्रार म्हणून सांगत नाही. पुढचं समजावं म्हणून सांगते.

दोन महिन्यांपूर्वी एक मुलगा आला. सव्वीस आठवडे. आईवडील देवगडकडचे, आंब्याच्या बागेत राखणीला राहणारे. पहिले दोन आठवडे बरा होता. मग पोट फुगलं, श्वास पुन्हा पुन्हा थांबायला लागला, संसर्ग रक्तात गेल्याची शंका आली. एकोणिसाव्या दिवशी सकाळी आमच्या डॉक्टर मॅडम मला त्यांच्या खोलीत म्हणाल्या, "सिस्टर, आईवडिलांशी बोलायची वेळ आली आहे का? तुम्ही इतकी वर्षं बघताय. तुम्हाला काय वाटतं?" मी आकडे पाहिले होते. रात्रीत कितीदा श्वास थांबला ते वाचलं होतं. मला तुम्ही आठवलात, तो चोवीस आठवड्यांचा मुलगा आठवला, आणि मी अगदी तुमच्या आवाजात म्हटलं, "मॅडम, आईला बोलावूया." मला वाटलं, आता मीही ते ऐकू शकते.

खोलीतून बाहेर आले तर आमच्याकडची एक नर्स मुलगी वाटेत उभी होती. वर्षभरापूर्वी नोकरीला लागलेली, हीदेखील देवगडचीच, तिच्या वडिलांची होडी आहे. कमी बोलते. डॉक्टरांसमोर तर तोंडच उघडत नाही. मला म्हणाली, "सिस्टर, वायच येशात?" मला वाटलं रजा हवी असेल. तिने मला त्या मुलाच्या वॉर्मरपाशी नेलं आणि खिशातून एक छोटी वही काढली.

"तो दमलो हा, सिस्टर. संपलो नाय."

मी म्हटलं, आकडे बघितलेस? ती म्हणाली, बघितले, पण हे पण बघा. वहीत तीन दिवसांचं लिहिलेलं होतं, वेळेसकट. श्वास थांबला तेव्हा काय चाललं होतं. एक्स-रे काढायला उचललं, थांबला. रक्त घेतलं आणि लगेच अंग पुसलं, थांबला. उताणा ठेवला आणि मान पुढे वाकली, थांबला. मधल्या वेळात कुणी हात लावला नाही तर दीड-दीड तास एकदाही नाही. पुढे लिहिलं होतं, टोचताना पाय मागे ओढला, तोंड वाकडं केलं. आईचं बोलणं ऐकून डोळे उघडले. डावा हात तोंडाकडे नेतो, रोज, बोटं चोखायला बघतो. तिने हे मला वाचून दाखवलं आणि मग मानेखालची कापडाची गुंडाळी काढून पातळ केली, त्याला जरा कुशीवर वळवलं, आणि आम्ही दोघी बघत उभ्या राहिलो. "एक दिवस थांबूया," ती म्हणाली. "औषध कालच बदललंहा. तेका वायच येळ देऊया. आणि सगळ्यांनी मिळान एकदाच हात लावूया, मगे तेका सोडूया."

बाई, मी तिला हे शिकवलं नव्हतं. तिला कुणी स्टुलावर बसवलं नव्हतं. हे शिकवायला मला गेल्या कित्येक महिन्यांत वेळच झाला नव्हता. आणि तुमचा आवाज काढून मी जे बोलले होते, त्यात तुमचं बघणं कुठे होतं? मी त्या मुलाकडे पाच मिनिटं सलग पाहिलं नव्हतं. मी परत मॅडमच्या खोलीत गेले. म्हटलं, मॅडम, एक दिवस थांबूया. तो टोचल्यावर अजून तोंड वाकडं करतो. श्वास थांबतो तो बहुतेक हाताळल्यावर. मॅडम स्वतः येऊन बसल्या, वीसेक मिनिटं बघत राहिल्या, आणि म्हणाल्या, ठीक आहे, उद्यापर्यंत. आईवडिलांना त्यांनी खरं ते सांगितलं, की काही सांगता येत नाही, पण आम्ही अजून थांबलेलो नाही. उद्याचा परवा झाला. पोट उतरलं. नवीन औषध लागू पडलं. औषध नसतं तर नुसत्या बघण्याने तो वाचला नसता, हे मला कळतं. पण त्या सकाळी आम्ही हात काढून घेतला असता तर औषधालाही वेळ मिळाला नसता.

आज तो घरी गेला. डोळे तपासून झालेत, पुन्हा तपासायचे आहेत. ऐकू येतं. चालेल कसा, शिकेल कसा, कुणी सांगू शकत नाही, आणि मॅडमनी ते आईला न लपवता सांगितलं. ती म्हणाली, "चलात तेव्हा बघूया. आता दूध पिता मा?" त्याला घ्यायला त्यांची सगळी मंडळी आली होती. आमचे मोठे साहेब राउंडला आले होते, तेही थांबले. मॅडम त्यांना म्हणाल्या, "सर, हे बाळ आमच्या सिस्टरांमुळे आहे. मी आईवडिलांशी बोलायला निघाले होते, यांनी येऊन मला थांबवलं. काय निरीक्षण आहे यांचं, एकेक गोष्ट वेळेसकट सांगितली." साहेबांनी माझ्याकडे बघून हात जोडले. त्या मुलाची आजी पुढे आली आणि माझ्या पायाला हात लावायला वाकली. मी तिला धरलं.

ती मुलगी दोन वॉर्मर पलीकडे दुसऱ्या बाळाची चादर बदलत होती. तिने ऐकलं. तिने वर पाहिलं नाही.

आणि मी गप्प राहिले, बाई. एक वाक्य होतं. "मॅडम, ते माझं नाही, तिचं आहे." तोंडापर्यंत आलं होतं. साहेब पुढच्या बाळाकडे वळले, मॅडम वळल्या, मी वळले. नंतर पाळी संपेपर्यंत मी तिच्याशी तीन-चारदा बोलले, सगळं कामाचं. तीही नेहमीसारखी बोलली. तिला वाईट वाटलं असेल असं तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, आणि तेच मला जास्त लागलं. तुम्ही माझ्या जागी असतात तर काय झालं असतं ते मला नीट दिसतं. तुम्ही तिला दंडाला धरून साहेबांसमोर उभं केलं असतंत, ती लाजून मेली असती तरी सोडलं नसतंत.

उन्हं उतरली. सासूबाई बिया गोळा करायला उठल्यात, मला हाक मारतायत. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणूनच इतकं भराभरा लिहून झालं. एक गोष्ट राहिली, तीही सांगून टाकते. कागद घेऊन बसले तेव्हा मी तुम्हाला लिहायला बसले नव्हते. त्या वहीवाल्या मुलीसाठी मला चार ओळी लिहायच्या होत्या, उद्या पाळीच्या आधी हातात द्यायला. वर तिचं नाव लिहिलं. पहिली ओळ काही केल्या जमेना. मग ते पान फाडलं, आणि तुम्हाला लिहायला घेतलं.